पाळ फुटण्यापूर्वी

३१ जुलै २०२४ रोजी देशातील सुमारे तीनशे लहान बँकांचे ग्राहक एकाएकी अडले. एटीएममधून पैसे निघेनात, यूपीआयने पाठवलेले पैसे पोहोचेनात. या बँका मुख्यतः सहकारी आणि प्रादेशिक ग्रामीण होत्या. त्यांपैकी एकीच्याही तिजोरीवर दरोडा पडला नव्हता. या साऱ्यांना संगणकीय सेवा पुरवणारी सी-एज टेक्नॉलॉजीज ही एक कंपनी रॅन्समवेअरच्या हल्ल्यात सापडली होती. रॅन्समवेअर म्हणजे दुसऱ्याच्या संगणकातील माहितीला कुलूप घालून किल्लीसाठी खंडणी मागणारी आज्ञावली. संसर्ग पुढे पसरू नये म्हणून नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने या कंपनीला देशाच्या देयक यंत्रणेपासून तात्पुरते तोडले. दुसऱ्या दिवशी सेवा पूर्ववत झाल्या आणि वृत्तपत्रांनी सुटकेचा निःश्वास टाकला. देशाच्या एकूण व्यवहारात या बँकांचा वाटा फार थोडा, तेव्हा काळजीचे कारण नाही, असेही सांगण्यात आले.

वाटा थोडा होता हे खरे. पण ज्या गावात एकच बँक आहे त्या गावाच्या दृष्टीने तो वाटा शंभर टक्के असतो. राष्ट्रीय सरासरीत ज्याची नोंदही होत नाही, तो माणूस अशा दिवशी मजुरी कोठून देणार आणि खत कशाने विकत घेणार, हा प्रश्न आकडेवारीच्या बाहेर राहतो. लहान व मध्यम उद्योगांच्या संगणकीय सुरक्षेचा विचार याच माणसाच्या बाजूने व्हावयास हवा. प्रत्यक्षात तो आजवर कंपन्यांच्या, पोलिसांच्या किंवा फार तर ग्राहकाच्या ‘सावधगिरी’च्या अंगाने होत आला आहे.

आपल्या कार्यकर्त्यांपैकी काहींना वाटेल की व्यापाऱ्याच्या संगणकाची चिंता व्यापाऱ्याने करावी. श्रमिकांच्या चळवळीला तिच्याशी काय कर्तव्य? भंडारा जिल्ह्याकडे पाहिले म्हणजे या शंकेचे उत्तर मिळते. या जिल्ह्याचे अर्थजीवन तांदूळ, पितळ, कोसा आणि मँगनीज यांवर उभे आहे. तुमसरची तांदळाची बाजारपेठ, भंडाऱ्याचा भांड्यांचा धंदा, आंधळगावचे कोशाचे माग आणि सातही तालुक्यांत विखुरलेल्या राईस मिल येथे मालक आणि मजूर यांच्यातील अंतर अनेकदा एका हंगामाचे असते. वरठीच्या पोलाद कारखान्याला किंवा गडेगावच्या मोटार कारखान्याला संगणकाची राखण करण्यासाठी माणसे नेमणे परवडू शकते. मोहाडीच्या राईस मिलमध्ये मात्र एकच संगणक असतो. त्याच्यावरच हिशेब, त्याच्यावरच बँक, त्याच्यावरच जीएसटी, आणि संध्याकाळी मालकाचा मुलगा त्याच्यावरच चित्रपट पाहतो. तो संगणक बंद पडला तर आधी हमालांची हजेरी अडते, मग धान दिलेल्या शेतकऱ्याचे चुकारे अडतात, आणि मालकाच्या नफ्याचा क्रम त्यानंतर लागतो. संकट वरून खाली उतरताना हलके होत नाही, जड होत जाते.

हा संगणक तेथे आला कसा, तेही विसरता कामा नये. लहान उद्योजकाने केवळ हौसेने तो आणलेला नाही. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला आणि विवरणपत्र संगणकावर भरणे भाग पडले. पाठोपाठ माल हलवण्यासाठी ई-वे बिल आले. २०२० मध्ये उद्योगाची ‘उद्यम’ नोंदणी ऑनलाइन झाली. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींहून अधिक उलाढाल असलेल्यांना ई-इनव्हॉइस सक्तीचे झाले. तांदळाच्या धंद्यात, जेथे उलाढाल मोठी आणि नफा पातळ, ही मर्यादा ओलांडायला फार मोठी मिल लागत नाही. आधारभूत केंद्रावर धान विकणाऱ्या शेतकऱ्याचीही नोंदणी ऑनलाइनच होते. या सुधारणांना आमचा विरोध नाही; हिशेब उघड असावेत हे आपण नेहमीच म्हणत आलो. परंतु शासनाने ज्या रस्त्यावरून जाण्याची सक्ती केली, त्या रस्त्यावरील दिव्यांची आणि पहाऱ्याची जबाबदारी मात्र प्रत्येक वाटसरूवर टाकली. सक्ती सार्वजनिक आणि सुरक्षा खासगी, अशी ही विभागणी आहे. मूळ दोष येथेच आहे.

दोषाचे परिणाम किती मोठे होऊ शकतात, हे महाराष्ट्राने ऑगस्ट २०१८ मध्ये पाहिले. पुण्याची कॉसमॉस ही देशातील जुन्या आणि मोठ्या सहकारी बँकांपैकी एक. ११ ऑगस्ट रोजी चोरट्यांनी तिच्या एटीएम यंत्रणेत एक बनावट दुवा घुसवला. पैसे काढण्याची मागणी खऱ्या यंत्रणेपर्यंत पोहोचण्याऐवजी या दुव्याकडे जाई आणि तेथून ‘द्या’ असे उत्तर येई. काही तासांत २८ देशांतून बनावट कार्डांनी पैसे काढले गेले. कोल्हापुरातल्या यंत्रांतूनही काढले गेले. १३ ऑगस्टला आंतरराष्ट्रीय हस्तांतरणाच्या यंत्रणेतून सुमारे चौदा कोटी रुपये हाँगकाँगला गेले. एकूण चोरी ९४ कोटींच्या वर होती. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ मंडळाच्या २०१९ मधील अहवालाने या चोरीचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना दोषी ठरवले. परंतु हल्ल्याचे सूत्रधार काही या देशाच्या हाती लागले नाहीत.

कॉसमॉस मोठी होती, म्हणून उभी राहिली. तोच आघात लहान पतसंस्थेवर झाला असता तर? बँकेतील ठेवीला पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवीला या योजनेचे संरक्षण नाही. शिक्षकाचे निवृत्तीचे पैसे आणि भाजीवालीची रोजची बचत याच पतसंस्थांत असते.

दुसरे उदाहरण परदेशातले आहे, पण त्याची झळ महाराष्ट्राच्या किनाऱ्याला लागली. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ नावाची विध्वंसक आज्ञावली युक्रेनमधून जगभर पसरली. तिचे वाहन होते त्या देशातील असंख्य लहानमोठे उद्योग कर भरण्यासाठी वापरत असलेले हिशेबाचे एक सॉफ्टवेअर. कायद्याप्रमाणे कर भरणाराच बळी पडला. मर्स्क ही बलाढ्य जहाज कंपनी तिच्या तडाख्यात सापडली आणि न्हावा शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प झाले. या आज्ञावलीने, आणि तिच्या आधी मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने, वापरलेले एक हत्यार अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने घडवलेले होते आणि ते तिच्याकडून फुटून बाहेर आले होते. महासत्तेने जनतेच्या पैशातून शस्त्र बनवावे, ते तिला सांभाळता येऊ नये, आणि त्याचा वार दूरदेशीच्या एखाद्या कारकुनाच्या मेजावर पडावा, हा आजच्या जागतिक व्यवस्थेचा धडा आहे.

आपल्या बाजारपेठांत मात्र नित्य आढळणारे हल्ले याहून साधे असतात. नेहमीच्या पुरवठादाराच्या नावाने ई-मेल येतो : आमचे बँक खाते बदलले आहे, यापुढे रक्कम नव्या खात्यात भरावी. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नाची पत्रिका किंवा आरटीओचे चलान म्हणून एक फाइल येते. ती उघडताच फोनचा ताबा दुसऱ्याकडे जातो. ‘बँकेतून बोलतो’ असे सांगून कोणी एखादे अ‍ॅप घ्यायला लावतो आणि पडद्यावरचे सारे त्याला दिसू लागते. दुकानासमोरच्या क्यूआर कोडवर रात्रीतून दुसरा कोड चिकटवला जातो. २०२४ या एका वर्षात देशातील नागरिकांनी सायबर फसवणुकीत २२,८४५ कोटी रुपये गमावले, असे केंद्र सरकारने संसदेत सांगितले. आदल्या वर्षी हाच आकडा ७,४६५ कोटी होता. एका वर्षात तिपटीने वाढणारी हानी ही काही व्यक्तींच्या बावळटपणाने होत नसते. लोक वर्षभरात तिपटीने भोळे होत नाहीत. व्यवस्थाच सैल असते.

अर्थशास्त्रात ‘बाह्य परिणाम’ नावाची एक कल्पना आहे. माझ्या कृतीचा लाभ किंवा तोटा मला न होता शेजाऱ्याला होत असेल, तर बाजार त्या कृतीची योग्य किंमत लावू शकत नाही. संगणकीय सुरक्षा हे त्याचे चोख उदाहरण आहे. एका अडत्याचा संगणक दूषित झाला की त्याच्या नावाने शंभर गिऱ्हाइकांना बनावट निरोप जातात. त्याने सुरक्षेवर खर्च केला तर लाभाचा मोठा भाग त्या शंभरांना मिळतो, खर्च मात्र त्याच्या एकट्याच्या खिशातून जातो. साहजिकच तो खर्च कमी करतो. विनापरवाना सॉफ्टवेअर वापरतो, जुना संगणक चालवत राहतो. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. चालू स्थितीतील असंख्य संगणक त्या दिवशी, यंत्रात कोणताही बिघाड नसताना, असुरक्षिततेच्या वाटेला लागले. त्यांतील अनेकांवर नवी आवृत्ती बसतच नाही. बैल धडधाकट असताना नांगर बनवणाऱ्याने तो म्हातारा ठरवावा, असा हा प्रकार आहे. अशा बाजारावर भिस्त ठेवून सुरक्षा येणार नाही.

मग कशावर ठेवावी? भंडाऱ्याच्या मातीतच या प्रश्नाचे एक जुने उत्तर आहे. हा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेले, पुढे मालगुजारी म्हणून ओळखले गेलेले हे तलाव शेकडो वर्षे धानाला पाणी देत राहिले. ते टिकले, कारण पाळ कोणा एकाची नव्हती. पाणी ज्याच्या बांधीत जाई, त्याने पाळीवर माती टाकायची, गाळ काढायला यायचे, पावसाळ्यात राखण करायची. एका शेतकऱ्याने आपल्यापुरती पाळ मजबूत करून काही साधत नसे, कारण पाळ कोठेही फुटली तरी पाणी सर्वांचे जाई. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, हे योग्यच झाले. पण तलाव सरकारजमा झाले आणि समाजजमा झाले नाहीत. मालगुजार गेला, गावाची जबाबदारीही गेली, आणि अनेक तलाव गाळाने भरले. या इतिहासातून दोन गोष्टी शिकायच्या. सामायिक संकटाची राखण सामायिकच असावी लागते. आणि ती केवळ शासनाच्या नावावर चढवून भागत नाही, वापरणाऱ्यांच्या हातात असावी लागते.

या कसोटीवर आजची व्यवस्था तपासून पाहू. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठी पंधरा मूलभूत नियंत्रणांची यादी प्रसिद्ध केली आणि वर्षातून एकदा लेखापरीक्षणाची अपेक्षा ठेवली. यादी चांगली आहे. पण नागपूर-मुंबईहून लेखापरीक्षक बोलावण्याचा खर्च आंधळगावच्या कोसा विणकराने कोठून करावा? पंधरा बाबी त्याला त्याच्या मराठीत कोणी समजावून सांगाव्यात? याच संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणे बंधनकारक आहे. ज्याला आपल्यावर हल्ला झाला हे सहा आठवड्यांनी कळते, त्याच्यासाठी या आदेशाचा अर्थ काय? राज्य सरकारने नवी मुंबईत महापे येथे आठशे कोटींहून अधिक खर्चाचा सायबर सुरक्षा प्रकल्प उभारला. गुन्हा घडल्यावर तपासासाठी त्याचा उपयोग होईल. लाखांदूरच्या दुकानात गुन्हा घडण्यापूर्वी जाणारा माणूस मात्र त्यातून निर्माण होत नाही.

तपासाचीही अवस्था पाहा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७८ नुसार पोलीस निरीक्षकापेक्षा खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला या गुन्ह्यांचा तपास करता येत नाही. निरीक्षक मोजके, गुन्हे अगणित. २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने ठरवले की ग्राहकाचा दोष नसताना तिसऱ्या कोणामुळे पैसे गेले आणि त्याने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर तोटा त्याच्यावर पडू नये, आणि दोष ग्राहकाचा होता हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर असावा. पुढे सहकारी बँकांनाही हे लागू झाले. पण ‘तुम्हीच ओटीपी सांगितला’ एवढ्या एका वाक्यावर किती अर्ज परत फिरतात, हे ज्याने बँकेच्या पायऱ्या झिजवल्या त्याला विचारावे.

याहून अन्यायकारक गोष्ट गोठवलेल्या खात्यांची आहे. फसवणुकीच्या पैशातले पाचशे रुपये फिरत फिरत एखाद्या चहावाल्याच्या खात्यात चहाचे बिल म्हणून येतात, आणि दूरच्या राज्यातील पोलिसांच्या पत्रावरून त्याचे अख्खे खाते बंद होते. चोर मोकळा, चहावाला अडकलेला. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले की गोठवायची तर संशयित रक्कम गोठवावी, सारे खाते नव्हे. हे तत्त्व देशभर प्रत्येक बँकेत आपोआप लागू व्हावयास हवे. त्यासाठी चहावाल्याला उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागू नये.

आमच्या मते जिल्ह्यासाठी काही निश्चित मागण्या करण्याची वेळ आली आहे. पहिली, प्रत्येक तालुक्यात सहकारी तत्त्वावर एक सामायिक संगणक-सुरक्षा केंद्र असावे. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक, बाजार समित्या, पतसंस्था आणि राईस मिलधारक हे त्याचे सभासद असावेत, आणि जिल्हा उद्योग केंद्रामार्फत शासनाने निम्मा खर्च उचलावा. आयटीआय व तंत्रनिकेतनातून बाहेर पडलेल्या मुलामुलींना प्रशिक्षण देऊन या केंद्रात पगारी काम द्यावे. महिन्यातून एकदा त्यांनी प्रत्येक सभासदाकडे जाऊन संगणक तपासावा. लहान भांडवलांची मोट बांधून मोठे काम करणे, हाच सहकाराचा अर्थ महाराष्ट्राने साखर कारखान्यांच्या उभारणीत जगाला दाखवला. तो येथे का चालू नये? दुसरी, लहान बँकांना सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांवर करारानेच नुकसानभरपाईची जबाबदारी टाकावी. २०२४ च्या घटनेने दाखवले की एकत्र येणे पुरेसे नाही. तीनशे जणांनी एकाच्या हाती किल्ली दिली, तर त्याला जाब विचारण्याचा अधिकारही तीनशे जणांकडे असला पाहिजे. तिसरी, व्यक्तिगत माहिती संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात सुरक्षेतील हलगर्जीपणासाठी अडीचशे कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. मोठ्या कंपन्यांना तो जरूर लागावा. पण लहान उद्योगाला साधने न देता दंडाचा धाक दाखवणे म्हणजे विहीर न खणता तहानलेल्याला शिक्षा करणे होय.

एक गोष्ट मालकवर्गालाही स्पष्टपणे सांगितली पाहिजे. चुकीच्या फाइलवर बोट पडले म्हणून मुनिमाच्या पगारातून पैसे कापणे हा सुरक्षेचा मार्ग नव्हे. ज्याला शिकवले नाही, ज्याच्याकडून बारा तास काम घेतले आणि ज्याच्या एकट्याच्या हाती सारी देयके सोपवली, त्याच्या चुकीचा मालक वाटेकरी असतो. शिवाय शिक्षेच्या भीतीने नोकर चूक लपवतो, आणि वाचवता आले असते असे पहिले काही तास निघून जातात.

शासन जागे होईपर्यंत हात बांधून बसावे, असे मात्र नाही. बरेचसे संरक्षण पैशापेक्षा शिस्तीने मिळते. हिशेबाची एक प्रत रोज वेगळ्या डिस्कवर घेऊन ती डिस्क संगणकापासून काढून ठेवावी. जोडलेली राहिली तर तिलाही कुलूप लागते. बँकेचे काम करण्याचा संगणक किंवा फोन शक्यतो दुसऱ्या कोणत्याही कामाला वापरू नये. देयक एकाने भरावे आणि दुसऱ्याने मंजूर करावे. खाते बदलल्याचा निरोप आला तर पुरवठादाराला त्याच्या जुन्या, माहितीतल्या क्रमांकावर फोन करून विचारावे. निरोपात दिलेल्या क्रमांकावर नव्हे. सॉफ्टवेअरच्या सुधारणा आल्या की त्या लगेच बसवाव्यात. वॉनाक्रायला अडवणारी दुरुस्ती हल्ल्याच्या दोन महिने आधीच उपलब्ध होती, ती ज्यांनी बसवली नाही ते बुडाले. आणि पैसे गेल्याचे लक्षात येताच, लाज न बाळगता, १९३० वर कळवावे. चोरलेली रक्कम पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी अडवता येते, ती याच अवधीत.

हे घरोघर, दुकानोदुकानी सांगणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे. एकेकाळी साक्षरतेचे वर्ग चालवले, रेशनकार्ड भरून दिले, सातबारा वाचायला शिकवला, त्याच परंपरेतले हे पुढचे पाऊल आहे. दर आठवड्याला बाजाराच्या दिवशी एक टेबल मांडून बसले, तरी पुष्कळ होईल. लोक आपल्या अडचणी तेथे सांगतील आणि त्या अडचणींतूनच मागण्यांचे बळ वाढेल.

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बालके गेली. त्यानंतर राज्यभर रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेच्या तपासणीचे आदेश निघाले. त्या दुःखाची पैशाच्या हानीशी तुलना करणे अश्लाघ्य ठरेल, आणि आम्ही ती करीत नाही. पण आधी आपत्ती आणि मग तपासणी ही प्रशासनाची सवय या जिल्ह्याने फार मोठी किंमत देऊन ओळखली आहे. संगणकाच्या बाबतीत तरी क्रम उलटा असावा, ही मागणी करण्याचा अधिकार भंडाऱ्याइतका दुसऱ्या कोणाला क्वचितच असेल. पाळीवर माती पावसाळ्यापूर्वी टाकायची असते.